रकान्यातला रविवार

बुधवारी सकाळी काकूंच्या दाराबाहेर जी बाई उभी होती, तिने घंटी वाजवलीच नव्हती. जावईबापू दूध आणायला निघाले म्हणून दार उघडलं गेलं, नाहीतर ती तशीच परत गेली असती.

"तपासाचं काम करणाऱ्या काकू इथेच राहतात ना?"

"इथेच. या ना आत. आई, कोणीतरी आलंय."

काकू गेली तीस वर्षं खाजगी तपास करत होत्या. हरवलेली माणसं, बदललेली मृत्युपत्रं, एकदा तर एक अख्खा पियानो त्यांनी शोधून दिला होता. त्यांची लेक प्रशिक्षणासाठी परगावी गेली होती, म्हणून विमा कंपनीतून रजा काढून जावईबापू पंधरा दिवस इथे मुक्कामाला होते. त्यांच्या मते सासूबाईंना तपासात मदत करायला. काकूंच्या मते जेवायला.

बाई खुर्चीच्या कडेवर बसली. वय पस्तिशीचं, हात कामाचे, डोळे रडून सुजलेले.

"मला सगळे दाई म्हणतात," ती म्हणाली. "पक्षी संवर्धन केंद्रातली उबवणी खोली माझ्याकडे आहे. तीन वर्षं झाली. पाणथळीतला एक लांब पायांचा पक्षी आहे, फार थोडे उरलेत आता. यंदा त्याची चार अंडी आम्हाला मिळाली. सत्तावीस दिवस उबवायची असतात. बाविसाव्या दिवशी ती गेली."

"गेली म्हणजे?"

"सोमवारी सकाळी आठ वाजता संचालकबाईंनी खोली उघडली तर पेटी रिकामी. त्यांनी स्वतःचं कुलूप ठोकलं आणि मला फाटकावरच अडवलं. तेव्हापासून मी आत गेलेली नाही. त्यांचं म्हणणं, चोरी रविवारी झाली, आणि नोंदीप्रमाणे रविवारी खोलीत मीच होते."

"होतीस?"

"नाही हो काकू. रविवारी केंद्र बंद असतं, पेटी स्वतःच अंडी फिरवते. शनिवारी संध्याकाळी मी चारही अंडी शेवटची बघितली. प्रत्येकावर पेन्सिलीने एका बाजूला फुली केलेली असते, दुसऱ्या बाजूला गोल. वर काय दिसतंय ते बघितलं की अंडं फिरलं की नाही ते कळतं. शेवटचे तीन दिवस तर हात लावायचाच नसतो. ते मंगळवारनंतर सुरू होणार होते." तिने डोळे पुसले. "शुक्रवारी अकराला समितीची बैठक आहे. मला काढणार, आणि कागदावर चोरीचा शेरा मारणार. मग कुठलंच केंद्र मला दारात उभं करणार नाही. मला दुसरं काही येत नाही, काकू. आणि दुसरं काही करायचंही नाही."

तिने पिशवीतून एक छापील कागद काढला. नऊ ओळींचा तक्ता होता. पहिल्या रकान्यात वार, मग नाव, मग आत गेल्याची आणि बाहेर आल्याची वेळ. वार आखूड लिहिलेले होते: मंगळ, बुध, गुरु, शुक्र, शनि, रवि, सोम.

जावईबापूंनी तो मोठ्याने वाचला. मंगळपासून रविपर्यंत रोज एकेक ओळ दाईची, साडेआठ ते साडेपाच. शुक्रला सकाळी दहा वाजता वायरमन. शनिला सव्वाअकरा वाजता डॉक्टर. आणि शेवटची ओळ: सोम, वायरमन, १६:४० ते १७:०५. त्यातल्या 'रवि, दाई' या ओळीभोवती लाल शाईने गोल केला होता.

"बाई, कागद तर स्पष्ट आहे," जावईबापू अवघडून म्हणाले.

"माहीत आहे मला. म्हणून तर आले."

काकूंनी कागद हातात घेतला आणि लाल गोलावर अंगठा ठेवून बाकीचंच बराच वेळ वाचत बसल्या.

"गेल्या आठवड्यात सोमवारी सुटी घेतली होतीस का?"

"सोमवारी? नाही. तीन वर्षांत एक सोमवार चुकवलेला नाही. त्या दिवशी तर मी पेटीचं पाणी बदललं."

"ठीक आहे. घरी जा आणि पोटभर जेव. जावईबापू, दूध राहू द्या, गाडी काढा."

* * *

केंद्राच्या संचालिका उंच आणि ताठ होत्या. रागावलेल्या होत्या, पण खोट्या वाटत नव्हत्या. मुलीसारखी वागवलेली माणसं फसवतात तेव्हा येतो तसला तो राग होता, असं काकूंनी नंतर सांगितलं.

"मला काय तिला काढायची हौस आहे?" त्या म्हणाल्या. "पण कागदाला मी काय करू? खोलीत जाणारा प्रत्येक माणूस फाटकावरच्या संगणकात स्वतः नोंद करतो. फक्त माझी होत नाही, माझ्याकडे वेगळी किल्ली असते."

"फाटकावर पहारा असतो ना?"

"आजोबा असतात. रविवारी त्यांना सुटी. मोठं फाटक बंद, लहान दाराची आणि उबवणी खोलीची किल्ली कामाच्या सगळ्यांकडे, डॉक्टर आणि वायरमनकडेसुद्धा."

"तुम्ही कुलूप लावल्यावर आत कोण गेलं?"

"कोणी नाही. माझ्यासोबत आता तुम्हीच पहिल्या."

उबवणी खोली लहान आणि स्वच्छ होती. मधोमध काचेच्या दाराची पेटी, आत रिकाम्या जाळीचे खण. पेटीचा पंखा बंद होता.

"आल्यावर बंदच होता," संचालिका म्हणाल्या. "चोराने बंद केला असणार. आपणहून बंद पडला असता तर ऊब कमी झाली असती, आणि ऊब कमी झाली की फाटकावर मोठी घंटा वाजते. सोमवारी सकाळपर्यंत वाजत राहिली असती ती."

काकू पेटीच्या मागे वाकल्या. भिंतीजवळ एक निळी तार सुटी लोंबत होती. त्यांनी ती बोटाने जरा हलवली आणि सोडून दिली.

नोंदींचा कागद ज्याने छापला त्या कारकुनाला सगळे टापटीप म्हणत. त्याच्या टेबलावर पेन्सिली उंचीप्रमाणे लावलेल्या होत्या आणि तो बोलतानासुद्धा टेबलावरची न दिसणारी धूळ पुसत होता.

"माझ्याकडून चूक होणं शक्यच नाही," तो म्हणाला. "मी एक अक्षरही हाताने टाइप केलेलं नाही. सोमवारी साडेअकराला बाईंनी सांगितलं, मी फाटकावर गेलो, तिथल्या नोंदींची शीट पेन ड्राइव्हवर आणली, तिच्यातून आधीच्या सोमवारपासूनच्या सगळ्या ओळी कॉपी केल्या आणि इथे माझ्या शीटमध्ये पेस्ट केल्या. नऊच्या नऊ. जशाच्या तशा."

"तारीख का नाही दिसत? नुसता वारच आहे."

"ते होय. इथे आणल्यावर पहिल्या रकान्यात नुसते हॅशचे शिक्के आले. ओळीच्या ओळी."

"रकाना अरुंद असला की तसंच होतं, आई," जावईबापूंनी ज्ञान पुरवलं. "तारीख मावली नाही की संगणक फुल्यांसारखं काहीतरी दाखवतो. आमच्या ऑफिसात रोजचंच आहे."

"अगदी बरोबर," टापटीप खूश झाला. "रुंद केला असता तर कागदाच्या बाहेर गेला असता. म्हणून मी त्या चौकटींना नुसता आखूड वार दाखवायला सांगितलं. सोम, मंगळ. सुटसुटीत दिसतं. शेवटी काय, बाईंना वारच हवा होता. आणि हे बघा, तळाला छापल्याची वेळसुद्धा आपोआप येते माझ्याकडे. सोमवार, दुपारी बारा वाजून दहा मिनिटं."

काकूंनी मान डोलावली. "फाटकावरचा संगणक बघता येईल?"

"तो काल काढला. आता नवा बसवलाय, आमच्यासारखाच. जुना फारच जुना होता, दुसऱ्याच बनावटीचा. कोणीतरी भेट दिलेला. कोठारात पडलाय."

फाटकावरच्या आजोबांना जुन्या संगणकाबद्दल हळहळ वाटत होती. "दोन कळा एकदम दाबल्या की तारीख आपोआप उमटायची," ते म्हणाले. "त्यामुळे खोटी तारीख कोणी टाकूच शकत नसे. कळांवरच्या खुणा मात्र वेगळ्या होत्या हं. मला शिकायला एक महिना लागला."

गाडीत बसल्यावर जावईबापूंनी सुस्कारा सोडला. "आई, मला त्या दाईची दया येते. पण तारीख संगणकाने टाकली, टापटीपने ती जशीच्या तशी उचलली. मग पळवाट कुठे आहे?"

"तुम्ही मला एवढं सांगा," काकू म्हणाल्या. "चोरी करायला निघालेला माणूस फाटकावर थांबून आधी आपली नोंद करील का?"

"सवयीने करील."

"सवयीने करील, बरोबर. पण मग त्याच्या मनात चोरी नसेल. चला, डॉक्टरांकडे."

* * *

पक्ष्यांचे डॉक्टर एका म्हाताऱ्या पोपटाची नखं कापत होते आणि पोपट त्यांना शिव्या घालत होता.

"मी दर शुक्रवारी जातो," ते म्हणाले. "गेल्या शुक्रवारीही गेलो. दिवा लावून बघितलं, चारही जिवंत. चोच आत हलताना दिसत होती. दाई इतकी खूश झाली की मला दोन कप चहा पाजला."

"शनिवारी?" जावईबापूंनी डोळे बारीक केले. तपासात डोळे बारीक करायचे असतात अशी त्यांची समजूत होती.

"शनिवारी मी इथे नव्हतोच. पहाटेपासून तबेल्यात. घोडी अडली होती. रात्री आठला शिंगरू झालं. हा बघा फोटो."

फोटोत डॉक्टर चिखलाने माखलेले होते, शेजारी ओलं शिंगरू, आणि कोपऱ्यात शनिवारची तारीख होती.

"कागदावर तुमची नोंद शनिवारची आहे," काकू म्हणाल्या.

डॉक्टर गोंधळले. "अरेच्चा. मग कागदावर काहीतरी... पण नाही, शिंगरू शनिवारचंच."

बाहेर येताच जावईबापू म्हणाले, "पकडला. कागद म्हणतो शनिवार, हा म्हणतो शुक्रवार. असल्या अंड्यांना बाहेर वाटेल ती किंमत मिळते आई, आणि खऱ्या पक्षीतज्ज्ञाशिवाय ती विकणार कोण? फोटोवरची तारीख काय, कोणीही बदलतो."

"आणि शिंगरू?"

"शिंगरूही..." जावईबापू थांबले. शिंगराचं काय करायचं ते त्यांना सुचेना.

"आता एकच माणूस राहिला," काकू म्हणाल्या. "त्याच्याकडे उद्या जाऊ. आज मला तो कागद पुन्हा वाचायचाय."

* * *

वायरमनचं दुकान एका अरुंद गल्लीत होतं. जुन्या मोटारी, पंखे, दारं काढलेले फ्रिज, तारांची वेटोळी. शेजारी पत्रे ठोकायचं दुकान होतं, पण तिथून आज ठोकल्याचा आवाज येत नव्हता. "दोन दिवस जरा दमाने घ्या म्हणून सांगितलंय त्यांना," वायरमन म्हणाला. "माझं डोकं दुखतंय."

चाळिशीचा, हडकुळा माणूस. डोळ्यांखाली काळी वर्तुळं. बोलताना आवाज चढवत नव्हता.

"पेटीच्या पंख्याचं काम तुमच्याकडे आहे?" काकूंनी विचारलं.

"हो. कोंबड्या पाळणाऱ्यांना मी उबवणीच्या पेट्याही करून देतो, जुन्या फ्रिजच्या. त्यामुळे केंद्राने मला धरलंय. चांगलं गिऱ्हाईक आहे."

"गेल्या आठवड्यात कधी गेला होता?"

"गुरुवारी. पंखा आवाज करत होता."

काकूंनी कागद पुढे केला. "इथे शुक्र लिहिलंय."

त्याने कागद बघितला. "मग शुक्रवार असेल. कागदावर आहे म्हणजे... माझ्याच लक्षात नसेल."

"आणि ही शेवटची ओळ? सोम, १६:४०."

वायरमनने ती ओळ वाचली. मग वरची लाल गोलातली ओळ वाचली.

"हो. सोमवारी संध्याकाळी गेलो होतो. अंडी गेल्याचं ऐकलं, म्हटलं पेटी तरी बघून यावी. पाचएक मिनिटं... पंचवीस मिनिटं होतो आत. मग आलो परत."

"बरं," काकू म्हणाल्या.

जावईबापू तोवर एका जुन्या फ्रिजला टेकले होते. ते दचकून सरळ झाले. "अहो, हा फ्रिज तर तापलाय. गॅस संपला असेल बघा याचा."

"हात लावू नका," वायरमन चटकन म्हणाला. मग हसायचा प्रयत्न केला. "दुरुस्तीला आलाय. शॉक बसेल."

त्या फ्रिजच्या दारावर पेन्सिलीने भरलेला एक कागद चिकटवलेला होता. फुली, गोल, फुली, गोल, शेजारी वेळा. एका जागी आडवी रेघ ओढून ते थांबवलेलं होतं. काकूंनी तिकडे ओझरतं बघितलं, दोन पंख्यांचे भाव विचारले आणि निघाल्या.

गाडीत त्यांनी डोळे मिटून घेतले. जावईबापूंना वाटलं, थकल्या. पण त्या हसत होत्या.

"काय झालं, आई?"

"काही नाही. संध्याकाळी दाईला निरोप द्या, उद्या चांगले कपडे घालून ये म्हणावं."

* * *

शुक्रवारी अकरा वाजता केंद्राच्या बैठकीच्या खोलीत समितीचे तिघे, संचालिका, टापटीप, डॉक्टर, वायरमन आणि दाई बसले होते. दाई दाराजवळच्या खुर्चीवर होती, म्हणजे उठून जायला सांगितलं तर वेळ लागू नये. काकूंनी सगळ्यांना बोलवायचा आग्रह धरला होता, आणि जावईबापूंनी टापटीपच्या संगणकाचा पडदा भिंतीवर लावून दिला होता.

"मी जास्त वेळ घेणार नाही," काकू म्हणाल्या. "या कागदावर तुम्ही एकच ओळ वाचलीत, लाल गोलातली. मी बाकीच्या आठ वाचल्या. दाई आठवड्याचे सहा दिवस काम करते, सोमवार ते शनिवार. कागदावरही तिचे सहाच दिवस आहेत, पण मंगळवार ते रविवार. ती रविवारी जास्तीची आली असती तर सात व्हायला हवे होते. तिचा सोमवार कुठे गेला?"

संचालिकांनी कागद ओढून घेतला आणि बोटाने ओळी मोजल्या.

"डॉक्टर म्हणतात ते शुक्रवारी आले. कागद म्हणतो शनिवारी. शनिवारी ते घोडीपाशी होते. जावईबापूंना वाटलं डॉक्टर खोटं बोलतात. मला वाटलं, दाई आणि डॉक्टर दोघंही कागदापेक्षा बरोबर एक दिवस मागे आहेत. वायरमननेही आधी गुरुवार म्हटलं, कागद दाखवल्यावर शुक्रवार मान्य केला. खोटं बोलणारी माणसं आपापल्या सोयीने खोटं बोलतात. सगळी मिळून एकाच दिवसाने सरकत नाहीत. तेव्हा सरकली ती माणसं नाहीत, कागद सरकला."

"अशक्य," टापटीप म्हणाला. "मी जशाच्या तशा..."

"तुम्ही प्रामाणिक आहात, तेच तर झालं. शेवटची ओळ वाचा बरं."

टापटीपने वाचली. "सोम. वायरमन. चार चाळीस ते पाच पाच."

"आता तळाची छापल्याची वेळ वाचा."

"सोमवार, दुपारी बारा..." तो थांबला. त्याचा चेहरा पडला.

"दुपारी बाराला छापलेल्या कागदावर त्याच दिवशी संध्याकाळी होणारी नोंद आली कशी?" काकू म्हणाल्या. "आता तो पहिला रकाना रुंद करा आणि आखूड वाराऐवजी पूर्ण तारीख दाखवा. सगळ्यांना बघू दे."

टापटीपने संगणक पुढे ओढला. रकाना रुंदावला, वार गेले, तारखा आल्या. खोलीत कोणीतरी खुर्ची मागे सरकवली.

भिंतीवर नऊ तारखा होत्या आणि सगळ्या चार वर्षांपूर्वीच्या होत्या.

"चार वर्षांपूर्वी ही खोली नव्हती," संचालिका हळू म्हणाल्या. "दाईसुद्धा नव्हती."

"हे कसं झालं ते मला नाही सांगता येणार," काकू म्हणाल्या. "जावईबापू सांगतील. काल जेवताना दोन बनावटींचा विषय काढला तेव्हा त्यांचा घास हातातच राहिला."

जावईबापू उठले. आयुष्यात पहिल्यांदा सासूने त्यांना बोलायला सांगितलं होतं, त्यामुळे त्यांनी आधी शर्ट नीट केला.

"शीटच्या चौकटीत वार नसतो, तारीखही नसते," ते म्हणाले. "नुसता आकडा असतो. एका ठरलेल्या दिवसापासून आज कितवा दिवस, एवढंच. आपण सांगू तसा तो आकडा तारीख म्हणून दिसतो, नाहीतर नुसता वार म्हणून. फाटकावरच्या जुन्या बनावटीच्या संगणकातली शीट मोजायला सुरुवात करते ती आपल्या शीटपेक्षा चार वर्षं आणि एक दिवस उशिरा. तिथे आकडा बरोबर होता. इथे पेस्ट केल्यावर आकडा तोच आला, पण या शीटने तो आपल्या पहिल्या दिवसापासून मोजला. म्हणून प्रत्येक तारीख चौदाशे बासष्ट दिवस मागे गेली. त्याला साताने भागलं की उरतात सहा. वार सहा दिवस मागे गेला, म्हणजे दिसायला एक दिवस पुढे. शनिवारचा झाला रविवार. वर्ष दिसलं असतं तर लगेच कळलं असतं. पण आपण नुसते आखूड वार बघत होतो. आमच्या ऑफिसात दोन वर्षांपूर्वी नेमकं हेच झालं होतं, आणि मला बुधवारी आठवलं नाही. माफ कर, दाई."

काकूंनी त्यांच्याकडे बघून मान हलवली. जावईबापू बसले. त्यांचे कान लाल झाले होते.

"कोठारातला संगणक लावून बघा, तिथे दाईच्या शेवटच्या ओळीपुढे शनिवार दिसेल," काकू म्हणाल्या. "म्हणजे दाई सुटली. पण कागद एक दिवसाने मागे घेतला की आणखी एक ओळ हलते. 'सोम' खरा कोणता?"

सगळ्यांच्या माना हळूहळू एकाच बाजूला वळल्या.

"तुम्ही मला सांगितलंत, सोमवारी संध्याकाळी आत जाऊन आलो," काकू वायरमनला म्हणाल्या. आवाजात धार नव्हती. "सोमवारी सकाळपासून त्या दाराला बाईंचं कुलूप आहे. तुम्ही कागद वाचून उत्तर दिलंत. पण मी तुम्हाला चोर म्हणत नाही. चोर नोंद करत नाही. आणि चोर अंड्यांवरची फुली आणि गोल बघून तक्ता ठेवत नाही, शेजाऱ्याची हातोडी बंद करत नाही, की फ्रिजमध्ये ऊब भरत नाही."

वायरमनने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मग हात बाजूला केले.

"गुरुवारी पंखा तपासताना घंटेची तार मी सोडवली होती. रविवारी दुपारी चारला चहा घेताना आठवलं, परत जोडलीच नाही. धावत गेलो. पंखा बंद पडलेला, पेटी थंड होत चाललेली. सुटा भाग मिळायला सोमवार उजाडणार होता. अंडी कापसात गुंडाळून दुकानातल्या पेटीत नेली. सोमवारी सकाळीच परत ठेवणार होतो. पोचलो साडेआठला, तर इथे चोरी, पोलीस, असलं बोलणं चाललेलं. मला वाटलं, आता बोललो तर काम जाईल, उलट मलाच धरतील. मग म्हटलं पिल्लं बाहेर आली की गुपचूप आणून ठेवू. आणि मग... कागदावर हिचं नाव आलं."

"आणि तुम्ही गप्प बसलात," दाई म्हणाली.

ती पहिल्यांदाच बोलली होती. उठून उभी राहिली होती.

"हो," तो म्हणाला.

"चार दिवस माझ्या घशाखाली घास उतरला नाही. माझ्या आईने शेजाऱ्यांना सांगितलं, मुलगी आजारी आहे. हे तुम्हाला माहीत असायला हवं." तिने एक श्वास घेतला. "आता सांगा. जिवंत आहेत का?"

"चारही. मंगळवारनंतर हात लावलेला नाही. आज सकाळपासून एकाला आतून टकटक येतेय."

दाई दाराबाहेर पडलीसुद्धा. समितीचे एक गृहस्थ "पण ठराव..." असं काहीतरी म्हणत होते. संचालिकांनी तो कागद फाडून त्यांच्या हातात ठेवला.

* * *

वायरमनच्या दुकानात त्या तापलेल्या फ्रिजचं दार किलकिलं करून दाई गुडघ्यांवर बसली होती. वायरमन पाण्याची वाटी धरून मागे उभा होता. ती एकदाही त्याच्याकडे न बघता "वाटी डावीकडे ठेवा", "दिवा थोडा खाली" असं सांगत होती आणि तो निमूटपणे करत होता. काकू आणि जावईबापू उंबऱ्यापाशी थांबले.

संचालिका सगळ्यात शेवटी आल्या. गल्लीतून धावत आल्यामुळे त्यांना धाप लागली होती.

"माझं चुकलं," त्या म्हणाल्या. "तीन वर्षं तुला ओळखते, आणि एका कागदाला जास्त ओळखलं. सोमवारपासून तू नोकरीत कायम. तसं लेखी देते. आणि याचं काय करायचं तेही तूच सांग."

"राहू द्या त्याला," दाई म्हणाली. "अंडी त्यानेच वाचवली. पण यापुढे घंटेची तार मी स्वतः बघणार, आणि काही बिघडलं तर आधी मला सांगायचं. रविवार असला तरी."

वायरमनने मान खाली घातली. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते पुसायला वाटीमुळे हात मोकळा नव्हता.

आत एका अंड्याच्या टोकाला बारीक तडा गेला होता. तडा रुंदावला, एक ओली चोच बाहेर आली, थकली, थांबली. जावईबापूंनी नकळत काकूंचा हात धरला होता.

संचालिकांनी एक पाऊल पुढे टाकलं आणि थबकल्या.

"दाई, मी आत येऊ का?"

दाईने वळून बघितलं नाही.

"या," ती कुजबुजली. "पण चपला बाहेर काढा, आणि बोलू नका."